नाव कोणाचे? — ‘आयर्न मेडन’च्या पहिल्या ध्वनिमुद्रणाविषयी

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील भजनी मंडळाचे दोन तट तडजोडीसाठी आमच्या कचेरीत आले होते. भांडण पैशाचे नव्हते, जमिनीचेही नव्हते. ते होते मंडळाच्या नावाचे. एका पक्षाकडे पेटी, पखवाज आणि झांजा होत्या. दुसऱ्या पक्षाकडे संस्थापकांचे चिरंजीव होते. पहिला पक्ष म्हणे, ‘गातो आम्ही, म्हणून नाव आमचे.’ दुसरा म्हणे, ‘वाद्ये न्या, माणसे न्या, नाव तेवढे ठेवून जा.’ दोन तासांच्या वाटाघाटीनंतर पेटी एकीकडे व नाव दुसरीकडे असा निवाडा झाला आणि त्याने कोणाचेच समाधान झाले नाही, हे पुढ्यातील चहाला न शिवता मंडळी उठली यावरून आम्ही ताडले.

हा प्रसंग आम्हांस पुन्हा आठवण्याचे कारण भजनापासून फार दूरचे आहे. आमचा भाचा २००७ च्या मार्चमध्ये, घरी अर्धेच खरे सांगून, बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर ‘आयर्न मेडन’ नामक इंग्रज वाद्यवृंद ऐकण्यास गेला होता. त्या गोष्टीस आता बरीच वर्षे लोटली, तो संसारी झाला, पण वेड गेले नाही. मध्यंतरी त्याने या मंडळींची अगदी पहिली ध्वनिमुद्रणे आमच्यापुढे आणून ठेवली आणि म्हणाला, “मामा, एक फावट आयकून तरी पळयात, मागीर निकाल दियात.” निकाल देणे हा आमचा धंदा नव्हे, न्यायाधीशांचा आहे, तथापि ऐकून घेणे हे वकिलाचे पहिले कर्तव्य, म्हणून आम्ही ऐकले. एकदा ऐकून काहीच समजले नाही. तिसऱ्या खेपेस मात्र असे वाटू लागले की या गोंगाटात काहीतरी बांधलेले आहे. त्या बांधणीचा आणि ती बांधताना गळून पडलेल्या माणसांचा विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम वाचकांच्या मनातील एक आक्षेप दूर सारू. नाव भयंकर आहे, हे खरे. ‘आयर्न मेडन’ म्हणजे आतून खिळे ठोकलेली, माणसास कोंडून मारण्याची लोखंडी पेटी. मध्ययुगीन युरोपात असे यंत्र वापरात होते अशी समजूत पुष्कळ काळ रूढ होती. परंतु इतिहाससंशोधक आता म्हणतात की मध्ययुगात ते नव्हतेच, अठराव्या शतकाच्या अखेरीस कोणीतरी ती कथा रचली आणि मागाहून कथेला शोभतील अशा पेट्या तयार झाल्या. म्हणजे आधी आरोप आणि मग पुरावा! या वाद्यवृंदाच्या भयंकरपणाचीही जात तीच. तो रंगभूमीवरचा भयंकरपणा आहे. दशावतारातील राक्षस आरोळी ठोकून मंडपात शिरतो तेव्हा आईच्या मांडीवरचे मूल दचकते, आई दचकत नाही. तेवढीच या मुखपृष्ठांवरील भुताची मातब्बरी समजावी.

हे मंडळ १९७५ च्या नाताळच्या दिवशी पूर्व लंडनमध्ये स्थापन झाले, असे स्वतः मंडळच सांगत आले आहे. स्थापन करणारा स्टीव्ह हॅरिस हा एकोणीस वर्षांचा मुलगा, बेसगिटार वाजवणारा, पेशाने इमारतींचे नकाशे काढणारा. पूर्व लंडन म्हणजे गोदी कामगारांची, लहान कारखान्यांची, दाटीवाटीच्या घरांची वस्ती. तेथे संगीताची सभागृहे नव्हती. दारूच्या गुत्त्यांच्या मागच्या दालनात हे जलसे होत. स्ट्रॅटफर्ड भागातील ‘कार्ट अँड हॉर्सेस’ हा असाच एक गुत्ता, आणि तेथेच या मंडळाने आपली पहिली वर्षे काढली. गंमत अशी की पाहणाऱ्याने वर्षभराने पुन्हा जाऊन पाहिले असते तर नाव तेच, गीते बव्हंशी तीच आणि माणसे निराळी, असे त्यास दिसले असते.

हा फेरबदल जरा तपशिलाने सांगितला पाहिजे, कारण आमचा सगळा मुद्दा त्यातच आहे. पहिला गायक पॉल डे. त्याचा गळा वाईट नव्हता, पण मंचावर तो निष्प्रभ ठरतो म्हणून १९७६ मध्ये त्याला जावे लागले. त्याच्या जागी आलेला डेनिस विलकॉक याचा दोष नेमका उलट. तो चेहरा रंगवी, नकली रक्त ओकण्याचे प्रयोग करी. परंतु या विलकॉकनेच डेव्ह मरे नावाचा एक गिटारवादक मंडळात आणला. मरे इतका सरस निघाला की आधीचे दोघे गिटारवादक, डेव्ह सलिव्हन आणि टेरी रान्स, दुखावले. मंडळ मोडले. थोड्याच दिवसांत हॅरिसने ते एकट्या मरेला घेऊन पुन्हा उभे केले. १९७७ मध्ये दुसरा गिटारवादक म्हणून बॉब सॉयर आला, आणि त्याच्यामुळे मरे व विलकॉक यांच्यात वितुष्ट आले. तेव्हा हॅरिसने कोणास काढले? सॉयरला तर काढलेच, पण मरेलाही काढले! ज्याला आणल्यामुळे मंडळ मोडले होते त्यालाच. त्यानंतर टेरी वॉप्रम नावाचा गिटारवादक, टोनी मूर नावाचा कळफलक वाजवणारा आणि बॅरी पर्किस नावाचा ड्रमवादक घेऊन त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जो प्रयोग झाला तो साफ पडला. पर्किस गेला, हॅरिसच्या पूर्वीच्या मंडळातील डग सॅम्प्सन आला; कळफलक या संगीतास मानवत नाही म्हणून मूरही गेला; मग विलकॉक स्वतःच निघून गेला आणि तो जाताच हॅरिसने मरेला परत बोलावले. ते वॉप्रमला रुचले नाही, तोही गेला. तीन वर्षांत इतकी माणसे आली-गेली, आणि या अवधीत ध्वनिमुद्रण म्हणून जगापुढे आले असे एकही नाही.

शेवटी १९७८ च्या नोव्हेंबरात पॉल डिॲनो हा वीस वर्षांचा गायक मिळाला. त्याच्या गळ्यात मार्दव नव्हते. रस्त्यावरचा खरखरीतपणा होता. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, ३० व ३१ डिसेंबरला, म्हणजे सगळे इंग्लंड नववर्षाच्या धुंदीत असताना, ही पोरे केंब्रिजच्या स्पेसवर्ड नावाच्या ध्वनिमुद्रणशाळेत शिरली. सुमारे दोनशे पौंड खर्चून त्यांनी चार गीते मुद्रित केली. मूळ फीत विकत घेण्यास आणखी पन्नास पौंड लागणार होते, ते त्यांच्यापाशी नव्हते. पैसे जमवून काही दिवसांनी परतले तो ती फीत पुसून तिच्यावर दुसऱ्याचे काम झाले होते! हाती राहिली ती केवळ प्रत. आम्हां वकिलांस हा प्रकार परिचयाचा आहे. मूळ दस्त नष्ट झाला असता दुय्यम पुरावा ग्राह्य धरला जातो. मात्र मूळ कसे नष्ट झाले हे आधी सिद्ध करावे लागते. येथे ते सिद्ध करण्यास पन्नास पौंडांचे दारिद्र्य पुरेसे आहे.

ही प्रत त्यांनी नील के नावाच्या माणसाच्या हाती दिली. हा गृहस्थ वायव्य लंडनच्या किंग्जबरी भागात एका गुत्त्याला लागून असलेल्या सभागृहात ध्वनिमुद्रिका वाजवी, आणि त्याच्या श्रोत्यांच्या पसंतीची यादी ‘साउंड्स’ नावाच्या साप्ताहिकात छापून येई. त्या यादीत या मंडळाचे ‘प्राउलर’ हे गीत अग्रस्थानी गेले. छापील मुद्रिका नसलेले, नुसत्या फितीवरचे गीत! मग १९७९ च्या ९ नोव्हेंबरला चारांपैकी तीन गीतांची एक छोटी मुद्रिका, ‘द साउंडहाउस टेप्स’, त्यांनी स्वतःच काढली. प्रती पाच हजार, विक्री टपालाने. काही आठवड्यांत त्या संपल्या. डिसेंबरात ई.एम.आय. कंपनीशी करार झाला.

आता खुद्द संगीताकडे वळू. या तीन गीतांचे ध्वनिमुद्रण सामान्य आहे, हे त्याचे भक्तही नाकारणार नाहीत. ड्रमचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. गाणारा आणि वाजवणारे एकाच खोलीत दाटीने उभे आहेत असा भास होतो. शब्दांविषयी तर बोलूच नये. ‘प्राउलर’ हे रस्त्यातून हिंडणाऱ्या एका विकृत मनाच्या माणसाचे मनोगत आहे, आणि ते लिहिणाऱ्यास त्या माणसाविषयी सांगण्यासारखे काही नाही. मिसरूड फुटलेल्या पोराचा धीटपणा तेवढा आहे. ‘इन्व्हेजन’मध्ये समुद्रावरून चाल करून येणाऱ्या उत्तरेकडील लुटारूंचे वर्णन आहे, ते शाळेतील इतिहासाच्या पुस्तकापलीकडे जात नाही. मग उरते काय? उरते ती चाल, आणि त्याहीपेक्षा चालीची जोडणी. सामान्यतः अशा संगीतात बेसगिटार हे पायातील दगडासारखे असते; असते म्हणून कळते, दिसत नाही. हॅरिसचे बेस पायात राहत नाही. तो नखी न वापरता बोटांनी तारा छेडतो, त्यामुळे प्रत्येक स्वर टपटप गळणाऱ्या पागोळीसारखा वेगळा ऐकू येतो. आणि तो स्वर गिटारीच्या मागून चालत नाही, पुष्कळदा तिला वाट दाखवतो. नकाशे काढणाऱ्याची ही रचना आहे, असे आम्ही म्हणतो ते एवढ्याचसाठी. भिंती कोठे येणार हे आधी ठरलेले आहे. मग त्यांना रंग कोण देतो हा प्रश्न दुय्यम.

आणि येथेच आमच्या भाच्याशी आमचा पहिला मतभेद. त्याचे म्हणणे असे की हॅरिसने माणसे बदलली ती उत्तमाच्या शोधात. विलकॉकहून डिॲनो श्रेष्ठ, पर्किसहून सॅम्प्सन श्रेष्ठ, अशी ती चढती शिडी आहे. आम्हांस ही शिडी दिसत नाही. मरेला काढणे हे उत्तमाच्या शोधात खचित नव्हते. त्याहून सरस गिटारवादक हॅरिसला तेव्हा मिळणार नव्हता आणि मिळालाही नाही, म्हणून तर त्याला परत बोलवावे लागले. माणसे बदलली ती त्या घडीला नकाशा वाचवण्यासाठी. रचना टिकावी, मंडळ उभे राहावे, मग त्यासाठी उत्तम माणूसही गेला तरी चालेल, असा तो हिशेब होता. हा हिशेब कठोर आहे, कधी चुकलाही. परंतु चूक झाली असता ती सुधारण्यासाठी पूर्वी हाकललेल्याच्या दारी जाण्याचा मोकळेपणा त्यात होता, हे गुणाच्या बाजूस मांडले पाहिजे.

मोठी ध्वनिमुद्रिका, जिचे नाव मंडळाचेच, १४ एप्रिल १९८० रोजी प्रसिद्ध झाली. दरम्यान पुन्हा फेरबदल झाले होतेच. प्रवासाचा ताण न सोसल्याने सॅम्प्सन प्रकृतीच्या कारणाने गेला व क्लाइव्ह बर आला. १९७९ या एका वर्षात दुसऱ्या गिटारीच्या जागेवर निदान तीन माणसे येऊन गेली आणि अखेरीस डेनिस स्ट्रॅटन स्थिरावला, तोही दहा महिन्यांपुरता. ध्वनिमुद्रणाचा सूत्रधार कोण असावा यावरूनही घोळ झाला. अँडी स्कॉट नावाच्या एका नामांकित वादकाने हॅरिसला नखी घेऊन बेस वाजवण्याचा आग्रह केला, तेवढ्यावरून त्याला निरोप मिळाला. वरवर पाहता हा हट्ट वाटेल. आमच्या मते सबंध मंडळाच्या इतिहासातील हा सर्वांत शहाणपणाचा नकार होय. बोटाच्या जागी नखी आली असती तर पागोळीची सर झाली असती, आणि मग हे मंडळ त्या काळच्या लंडनमधील इतर दहा मंडळांसारखेच वाजले असते. गायक बदलता येतो, ड्रम वाजवणारा बदलता येतो. बोट मात्र बदलता येत नाही, हे त्याने चोवीसाव्या वर्षापूर्वी ओळखले होते.

अखेर विल मलोन यांच्या देखरेखीखाली किंग्जवे येथील ध्वनिमुद्रणशाळेत काम झाले, आणि त्याविषयी हॅरिसने पुढे उघड नापसंती व्यक्त केली. ती सकारण आहे. आवाज पातळ आहे; मंचावरील या मंडळींचा धसमुसळेपणा गाळण्यातून गाळून घेतल्यासारखा वाटतो. छोट्या मुद्रिकेत ‘प्राउलर’ किंचित संथ आणि म्हणून अधिक धोकादायक आहे. येथे ते धावते, आणि धावताना थोडे हलके होते. तरीही ही मुद्रिका चौथ्या क्रमांकापर्यंत पोचली, आणि आमच्या मते तिच्यातील एका रचनेसाठी ती पुन्हा पुन्हा ऐकावी. ती रचना ‘फँटम ऑफ द ऑपेरा’. गास्तों लरू या फ्रेंच कादंबरीकाराच्या कथेवरील हे गीत सात मिनिटांहून अधिक चालते. आरंभी दोन गिटारी एक वेडीवाकडी, पळती सुरावट वाजवतात. मग गाणे येते आणि लवकरच मागे सरते. मध्यभागी सारे थांबते, बेस एकटा उरतो, आणि त्याच्यावर एकेक थर चढत जाऊन पुन्हा आरंभीच्या ठिकाणी येण्यास जवळजवळ चार मिनिटे लागतात. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या कानाला समेवर येण्याची ही लांबलेली वाट ओळखीची वाटेल, जरी येथे ताल, राग यांपैकी काहीच आपले नाही. या थरांत दुसऱ्या गिटारीने जोडसुरांची जी भर घातली आहे ती स्ट्रॅटनची. पुढच्या साऱ्या काळात दोन गिटारींचे हे जोडसूर मंडळाची ओळख ठरले. स्ट्रॅटन मात्र १९८० च्या शरदात अभिरुचीच्या मतभेदावरून बाहेर पडला होता.

आमच्या वाचकांपैकी ज्यांना संगीत नाटकांचा इतिहास अवगत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. किर्लोस्करांचे नाव मागे राहिले. गळा निघून गेला. त्या नावाखाली मग मंगेशीचे मास्टर दीनानाथ गाऊ लागले, आणि १९१८ मध्ये तेही बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी निघाली. लंडनच्या त्या गुत्त्यांतही असेच चालले होते. ‘सॅम्सन’ नावाचे एक प्रतिस्पर्धी मंडळ होते. मेडनमधून गेलेला पर्किस त्यात जाऊन मुखवटा घालून ड्रम वाजवू लागला. त्याच सॅम्सनमध्ये पूर्वी असलेला बर मेडनमध्ये आला. आणि १९८१ मध्ये सॅम्सनचा गायक ब्रूस डिकिन्सन मेडनमध्ये येऊन डिॲनोच्या जागी उभा राहिला. एकाच गल्लीतील दोन घरांनी आपापले भाडेकरू बदलून घ्यावेत, तसे.

परंतु साम्य येथेच संपते, आणि फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. आपल्या नाटकमंडळ्यांत नाव नटाच्या गळ्याला चिकटलेले होते. बालगंधर्व गेले की प्रेक्षक गेला. मेडनमध्ये नाव गळ्याला कधीच चिकटले नाही. ते रचनेला चिकटले, आणि रचना करणारा मंचाच्या मध्यभागी नव्हे, बाजूला उभा होता. म्हणून डिॲनो गेल्यावरही मंडळ मोडले नाही, उलट १९८२ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर भागीदारी माणसागणिक मोडते. कंपनीचे सातत्य माणसांवर अवलंबून नसते. किर्लोस्कर मंडळी कागदावर काहीही असो, स्वभावाने भागीदारी होती. मेडन पहिल्या दिवसापासून, कागद होण्यापूर्वीच, कंपनी होती.

हे सोयीचे आहे. न्याय्य आहे का, याबद्दल मात्र आमचे मन निःशंक नाही. मरेला शोधून आणणारा विलकॉक, पहिल्या तीन गीतांवर ज्याचे हात आहेत तो सॅम्प्सन, जोडसूर देणारा स्ट्रॅटन, ज्याच्या खरखरीत गळ्यावाचून ती फीत कोणी दुसऱ्यांदा ऐकली नसती तो डिॲनो, यांचे श्रम नावात मिसळून गेले आणि नाव दुसऱ्याकडे राहिले. क्लाइव्ह बर १९८२ मध्ये बाहेर पडला, पुढे मज्जासंस्थेच्या व्याधीने जर्जर झाला आणि २०१३ मध्ये वारला. त्याच्या आजारपणात मंडळाने त्याच्या साहाय्यार्थ जलसे केले, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. डिॲनो २०२४ च्या ऑक्टोबरात गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेचाळीस वर्षे ड्रम वाजवणाऱ्या निको मॅकब्रेनने दौऱ्यांतून निवृत्ती घेतली आणि त्या आसनावर दुसरा माणूस बसला. आरंभापासून आजवर अखंड राहिलेला एकच, हॅरिस. मरेचेही नाव लोक घेतात, पण त्याच्या मधल्या हकालपट्टीची नोंद आम्ही वर केलीच आहे.

राहिला प्रश्न चौथ्या गीताचा. स्पेसवर्डमध्ये मुद्रित झालेल्या चारांपैकी ‘स्ट्रेंज वर्ल्ड’ हे एक, छोट्या मुद्रिकेतून वगळले गेले. ते संथ आहे, त्यात आरोळी नाही. डिॲनो तेथे गातो तेव्हा त्याच्या गळ्यातील खरखर जणू थकून खाली बसते, आणि मरेची गिटार घाई न करता बोलते. मंडळींना स्वतःचे मुद्रण पसंत नव्हते म्हणून ते गाळले, असे सांगतात. १९९६ मध्ये एका संग्रहातून ते शेवटी बाहेर आले, अर्थात् प्रतीवरूनच. भाच्याचे मत असे की ते गाळले ते योग्य; तीन गीतांत जी धडक आहे ती चौथ्याने बोथट झाली असती. आम्ही त्याच्याशी सहमत नाही. ते गीत असते तर पाच हजार माणसांना पहिल्या दिवशीच कळले असते की ही पोरे गप्पही राहू शकतात. आमचे हे मत त्यास कळवले आहे. त्याचे उत्तर अद्याप आले नाही.